संत्र्याचा वास

सकाळी सात.
रूपाली चोगले पोर माझ्या कडेवर देते
आणि माझ्याकडे न बघता चपला शोधते.
चपला तिच्या पायातच.

दुर्वेशच्या ओठांना संत्र्याचा वास.
हर्णैत सकाळी सातला
कुणी पोराला संत्रं भरवत नाही.
हा वास बाटलीतला, टोपणाने मोजलेला.
कपाळ गार. कानामागे मात्र
थोडी ऊब अजून शिल्लक.

मी बोलत नाही.
खाली बंदरावर बर्फाची गाडी लागलीय,
सोलणीच्या शेडमध्ये किलोवर पैसे,
पोर धरलेल्या हाताने कोळंबी सोलत नाही कुणी.
वहीत लिहिते:
दुर्वेश, दीड वर्ष. औषध सहाच्या सुमारास. अंदाज.

बारा वर्षं पोरं सांभाळतेय.
प्रत्येकाचा रुमाल वेगळ्या खुंटीला.
कान दुखणारं पोर सांगत नाही,
एकाच बाजूने डोकं उशीला घासतं.
अल्फियाच्या पोटावर पाण्याचा एकच टपोरा थेंब दिसला,
तिला मी त्याच पावली आजीकडे पोचवलं,
सगळ्या खपल्या धरल्याशिवाय आणू नका म्हटलं.
जुलाबात आधी डोळे बघायचे, खोल गेलेत का,
मग शेवटची शू कधी झाली ते.
खोकल्याला मी फारशी भीत नाही.
श्वासाला भिते.
झोपलेल्या पोराचा सदरा वर करते,
बरगड्यांखाली कातडी आत ओढतेय का बघते,
एक मिनिट, घड्याळ हातात घेऊन.
ओढली, की रिक्षा.
मग कुणाला विचारत बसायचं नाही.

अकराला संत्रं संपलं.
तळवे बर्फ, डोकं तवा.
यमूकाकी गोधडी घेऊन आल्या,
गोधडी मी उंबऱ्याबाहेरच ठेवली.
अंगातलं काढलं, पंखा हळू, घोटघोट पाणी.
फोन लावला. वाजत राहिला.
तिचा फोन पिशवीत, पिशवी खिळ्याला,
हात बर्फात.

मग त्याचे डोळे वर गेले.

अकरा वाजून अठरा.
चटईवर कुशीला वळवला. भोवतीचं सगळं दूर सारलं.
"कांदा हुंगव गो!" काकी ओरडल्या,
"चमचा घाल दातांत!"
काही घालायचं नाही. दाबून धरायचं नाही.
घड्याळ बघायचं. हे काम हातांना
फार जड जातं.
मोठ्यांना म्हटलं, पाठ करा, खिडकीतून होड्या मोजा.
हुमेरा मोजत राहिली, मोठ्याने,
तीच होडी दोनदा धरत,
आणि तिच्या चौतिसाव्या होडीला
दुर्वेश सैल पडला.
अकरा वीस.
ओठांवर रंग हळूहळू आला,
लाळ पुसली, तर रडला.
त्या रडण्याला मी देवासारखा नमस्कार केला असता,
पण रिक्षा दारात होती.

आरोग्य केंद्रात डॉक्टरीणबाईंनी दोनच गोष्टी विचारल्या.
किती वेळ? दोन मिनिटं.
शेवटचं औषध? मी वही पुढे केली.
"अंदाज कशावरून?"
"वासावरून."
त्या क्षणभर थांबल्या. मग लिहून घेतलं.

चारला रूपाली आली,
बोटांना कोळंबीच्या काट्यांचे चिरे,
पोराला हात लावू की नको, असं करत.
"सकाळी अंग कोमट होतं. थोडंसंच."
"ठाऊक आहे."
"तुम्ही घेतला नसतात."

खरंच होतं.
दारावरची पाटी माझीच, माझ्याच अक्षरात:
ताप असल्यास मूल आणू नये.

संध्याकाळी पोरं गेल्यावर
खडू घेऊन उभी राहिले बराच वेळ.
वरची ओळ पुसली नाही. ती चूक नव्हती.
खाली लिहिलं:
आणलंच, तर सांगून आणा.
खाऱ्या हवेने पाटी दमट झालेली,
'सांगून' नीट उमटेना.
बोटाला थुंकी लावून पुसलं,
आणि पुन्हा गिरवलं.